जपानी कुटुंबात दहा महिने राहायचंय: जेवण, घरातली शिस्त आणि कांदा-लसूण मसाला, तयारी कशी करायची?

राजारामपुरी_आई

नमस्कार मंडळी. लेक सोळा वर्षांची आहे, अकरावीत. विद्यार्थी अदलाबदल कार्यक्रमातून ऑगस्टमध्ये दहा महिन्यांसाठी जपानला निघाली आहे, ओकायामाजवळच्या एका लहान गावात. हॉस्टेल नाही, तिथल्या एका कुटुंबातच राहायचं आहे. घरात आई-वडील, आजी आणि शाळकरी मुलगा. इंग्रजी त्यांना जुजबीच येतं.

ती मटण, चिकन, मासे, अंडी सगळं खाते. गाईचं आणि डुकराचं मात्र नाही. जेवणात तिखट लागतंच. माझे प्रश्न असे: फॉर्मवर 'खाण्याची पथ्यं' असा रकाना आहे, त्यात नेमकं काय लिहू? कांदा-लसूण मसाला, ठेचा, मटणाचं लोणचं, पेढे यातलं काय नेता येतं? त्यांच्या घरात वागताना कुठं चुका होतात? आणि तिला एकदा तरी त्यांना आपल्याकडचं जेवण करून घालायचं आहे, तिथल्या सामानात काय जमेल?

प्लीज, जरा नेमकं सांगा. यादी करून फ्रिजवर लावणार आहे.

---

उद्यमनगरकर

ताई, सगळ्यात आधी तो रकाना नीट भरा. पुढचे दहा महिने त्यावर जातात.

'मांसाहारी, फक्त बीफ-पोर्क नाही' एवढं लिहिलंत तर अर्धवट पोचेल. तिथल्या घरात हॅम, बेकन, सॉसेज हे 'मांस' म्हणून डोळ्यांसमोर येतंच असं नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडे असतात, भाजीत चवीपुरतं बेकन असतं. म्हणून असं लिहा: 'गाईचं मांस (ग्यूनिकु) आणि डुकराचं मांस (बुतानिकु) खात नाही. हॅम, बेकन, सॉसेज, खिमा हेसुद्धा नाही. कोंबडी, मासे, अंडी, दूध, दही, सगळ्या भाज्या, सोयाबीनचे पदार्थ आवडीनं खाते.' काय चालतं ते जास्त लिहा. यजमान बाईंना स्वयंपाक करायचा आहे, त्यांना 'नाही'च्या यादीतून बेत सुचणार नाही.

त्याखाली आणखी एक वाक्य: 'घरातल्या बाकीच्यांनी त्याच टेबलावर काहीही खाल्लं तरी चालेल, भांडी वेगळी नकोत.' हे लिहिलं नाही तर ते लोक दहा महिने स्वतःच्या आवडीचं खाणं बंद करतील आणि चेहऱ्यावर दाखवणारही नाहीत. अर्थात तुम्हाला हे खरंच चालत असेल तरच लिहा.

अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. जपानी 'करी' वड्यांपासून करतात आणि त्या वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, वर दिसायला कोंबडी-बटाटा असला तरी. 'हांबागु' म्हणजे खिम्याची वडी, ती बहुतेक दोन्ही मांसं एकत्र करून. ग्योझात (मोदकासारखं सारण भरलेलं) सहसा डुकराचा खिमा. रामेनचं (नूडल्सचा पदार्थ) दाट पांढरं सूप बहुतेक डुकराच्या हाडांचं. जेली, पुडिंग, गमी यांत जिलेटिन. चरबी, अर्क आणि जिलेटिन यांचं काय करायचं ते घरी बसून आधीच ठरवा, कारण प्रत्येक घराची रेघ वेगळी असते. ते ठरलं की तसं स्पष्ट लिहा.

पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. अनेक कंपन्या अ‍ॅलर्जीच्या घटकांचा चौकोनही छापतात, त्यात गाय, डुक्कर, जिलेटिन यांची नावं येतात. त्या तीन शब्दांची जपानी अक्षरं ओळखायला तिला आत्ताच शिकवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. दोन आठवड्यांत नजर बसते.

मासे खाते हे फार चांगलं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचं पाणी, बहुतेक सगळ्यात 'दाशी' (चवीसाठीचं मूळ पाणी) असते आणि ती सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून किंवा लहान सुक्या माशांपासून करतात. (हा धागा वाचणारं कुणी शाकाहारी असेल तर 'मासे खात नाही' असं नुसतं लिहून भागत नाही. 'माशाची दाशीसुद्धा नाही, कोंबु किंवा शिताकेची चालेल' असं लिहावं लागतं. कोंबु म्हणजे समुद्रशेवाळ, शिताके म्हणजे वाळवलेलं मशरूम. दोन्ही दुकानात सहज मिळतात.)

नात्तो (आंबवलेलं चिकट सोयाबीन), कच्चं अंडं घातलेला भात असं काही समोर आलं आणि नकोच वाटलं, तर नाक मुरडायचं नाही. 'निगाते देसु' म्हणायचं, म्हणजे मला हे जमत नाही. कुणाला वाईट वाटत नाही. पण ताटात वाढून घेऊन टाकलं तर वाटतं. भाताच्या वाटीत शेवटचं शीतसुद्धा राहू नये, म्हणून सुरुवातीलाच थोडं घ्यायचं.

---

शाहूपुरी_गल्ली५

सामानाचं मी सांगतो.

मटणाचं लोणचं अजिबात नाही. शिजवलेलं असो, वाळवलेलं असो, डबाबंद असो, भारतातून मांसाचा कुठलाही पदार्थ प्रवाशाला जपानमध्ये नेता येत नाही. विमानतळावर वास घेणारे कुत्रे असतात. कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड आहे. 'घरचं आहे, थोडंच आहे' हे तिथं चालत नाही.

ताजं काही नको: कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे, नारळ. डाळी, कडधान्यं, तांदूळ यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तेही इथंच ठेवा. मसूर, हरभरा ऑनलाइन किंवा हलाल दुकानांत मिळतात.

मसाले न्या, पण दळलेले आणि हवाबंद पाकिटातले. कांदा-लसूण मसाला अर्धा किलो पुरे, कारण तो एकटीच खाणार आहे. दोन झिप पिशव्या, त्यावर घट्ट झाकणाची बरणी, आणि बाहेर इंग्रजीत 'मिरची-मसाला पूड' अशी चिठ्ठी. मोठ्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत पुडी दिसली की तपासणीत वेळ जातो.

एक गोष्ट नीट वाचा. आपल्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस असते. विमान दुबई किंवा सिंगापूरमार्गे असेल तर खसखस तिथं बंदी असलेली वस्तू आहे. डंकावर मसाला कुटायला देण्याआधीच सांगा, खसखशीऐवजी तीळ जास्त घालायला. चवीत फार फरक पडत नाही.

ठेचा नको. तेल गळतं आणि उन्हाळ्यात टिकत नाही. त्याऐवजी शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची कोरडी चटणी. पेढेही नको, ऑगस्टमध्ये खवा दोन दिवसांत आंबतो. भेट म्हणून गूळ उत्तम. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यांच्याकडे ओकिनावाचा काळा गूळ असतो, त्यामुळे वस्तू लगेच ओळखीची वाटते. लहान वड्या घ्या, हवाबंद, नाहीतर दमट हवेत पाझरतो. कोल्हापुरी चप्पल द्यायची असेल तर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये आधी मागवून घ्या, तिथली मापं तशीच असतात. सोबत सांगायचं: भिजवू नका, आणि जून-जुलैच्या पावसात कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते.

औषधं हा लोक विसरतात तो भाग. चिठ्ठीवरची औषधं एका महिन्याची, बिनचिठ्ठीची दोन महिन्यांची एवढीच परवानगीशिवाय नेता येतात. जास्त हवी असतील तर निघण्याआधी 'युन्यु काकुनिन-शो' नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं, ते १० टक्क्यांच्या वर असेल तर बंदी. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचंही असंच, तिथं मर्यादा १ टक्का. औषधाच्या दुकानातून 'सर्दीचं काहीतरी' म्हणून पट्टी उचलू नका, मागचे घटक वाचा. सगळी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

वीज १०० व्होल्ट, सॉकेट दोन चपट्या पिनांचं. मोबाईल-लॅपटॉपचा चार्जर चालतो (त्यावर १००–२४० लिहिलंय का बघा). मिक्सर आणि पाण्याचा रॉड इथलाच नेऊ नका.

---

राजारामपुरी_आई

खसखशीचं कुणीच सांगितलं नव्हतं! तिकीट सिंगापूरमार्गेच आहे. मसाला अजून कुटायचा आहे, बरं झालं विचारलं. त्यांच्या घरात कसं वागायचं ते पण सांगा कुणीतरी. तिला सकाळी उठल्या उठल्या अंघोळ लागते आणि रविवारी डोक्याला तेल.

---

पन्हाळा_पाऊस

या दोन्ही सवयी तिथं बदलाव्या लागतील, काकू.

अंघोळ रात्री, झोपण्याआधी. टब भरलेला असतो, ४० ते ४२ अंश, आणि तेच पाणी सगळं घर वापरतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. टबाबाहेर स्टुलावर बसून साबण, शाम्पू सगळं करायचं, अंगावर फेसाचा थेंब राहू द्यायचा नाही. मग केस वर बांधून टबात बसायचं, नुसतं शेकायला. आत साबण नाही, टॉवेल नाही. बाहेर येताना पाण्यात पडलेले केस काढायचे, टबावर झाकण घालायचं. बूच काढायचं नाही! नव्या मुलींची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण आपल्याला वापरलेलं पाणी सोडून द्यायची सवय. मागचे लोक थांबलेले असतात, आणि पुष्कळ घरांत तेच पाणी दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या मशीनला वापरतात. पाळी असेल तेव्हा टबात उतरायचं नाही, बाहेरच शॉवर. यजमान आईला एका शब्दात सांगितलं की पुरतं. सकाळी घाम आलाच तर शॉवर चालेल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं, गृहीत धरू नये.

तेल: उशीवर, गादीवर डाग पडतात आणि टबात तवंग येतो. लावायचंच असेल तर अंघोळीआधी अर्धा तास, आणि शाम्पू दोनदा. रात्रभर तेल ठेवून झोपणं नाही.

बूट दाराशी काढायचे, टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवायचे. आत सपाता. तातामी म्हणजे चटईच्या खोलीत सपाताही नाहीत, मोजे किंवा अनवाणी. संडासात वेगळ्या सपाता असतात, त्या तिथंच सोडायच्या. त्या घालून स्वयंपाकघरात आलं की आजी दचकते. संडासचा कागद पाण्यात सोडायचा, डब्यात नाही.

जमिनीवरची गादी (फुतोन) असेल तर रोज सकाळी घडी घालून कपाटात, आणि ऊन असेल त्या दिवशी वाळत. पसरून ठेवली तर खालून ओल धरते.

जेवताना वाटी डाव्या हातात उचलून धरायची. आपल्याकडे डावा हात लावला की मोठी माणसं रागावतात, तिथं वाटी टेबलावर ठेवून वाकून खाणं वाईट दिसतं. जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे अंत्यविधीतल्या आहेत. मधल्या मोठ्या ताटातून घ्यायला वेगळ्या काड्या ठेवल्या असतील तर त्याच वापरायच्या. जेवणाआधी 'इतादाकिमासु', संपल्यावर 'गोचिसोसामा', रोज, चुकता नाही. पांढऱ्या भातावर सोया सॉस ओतायचा नाही.

आता कचरा. हे शिकणं म्हणजे त्या घरात अर्धी मदत. प्रत्येक गावाचं वेळापत्रक वेगळं, फ्रिजवर लावलेलं असतं: जळणारा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी. सकाळी, बहुतेक आठाच्या आत, नेमलेल्या जागी, बऱ्याच गावांत नगरपालिकेच्या ठरलेल्या पिशवीत. पाण्याची बाटली: झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, विसळून, चेपून. चुकीची पिशवी गाडी उचलत नाही, त्यावर चिठ्ठी लावून तिथंच सोडते, आणि शेजाऱ्यांना कळतं कुणाची ती. म्हणून पहिल्या आठवड्यात 'कचरा मी करते' म्हणून तिनं ते काम अंगावर घ्यावं. शब्दही त्यातूनच पाठ होतात.

आणि एक, उशीर होणार असेल तर दुपारीच मेसेज. तिथं माणसं मोजून शिजवतात. सात वाजता 'मी मैत्रिणीबरोबर खाल्लं' असं कळवलं तर तिच्या वाटणीचा माशाचा तुकडा तसाच राहतो. कार्यक्रमाचे लोक तक्रारी सांगतात त्यात हे नेहमी वरती असतं.

भूकंपाचं पहिल्याच दिवशी विचारायचं: गावाची जमायची जागा कोणती, टॉर्च कुठं. हलायला लागलं की टेबलाखाली, बाहेर पळायचं नाही. पोलीस ११०, आग आणि अ‍ॅम्ब्युलन्स ११९.

---

तांबडा_पांढरा

स्वयंपाकाचं माझ्याकडे.

तांबडा रस्सा पहिल्यांदा करू नका. त्याला कांदा-खोबरं काळपट भाजावं लागतं, त्याचा धूर बंद घरात कोंडतो, आणि तिखट तिथल्या आजींना झेपणार नाही. पांढरा करा. त्यांच्या घरी दुधातलं पांढरं 'शिचू' हिवाळ्यात असतंच, त्यामुळे पांढरा, दाट, गरम रस्सा बघून कुणी बिचकत नाही.

मटण गावातल्या दुकानात बहुधा मिळणार नाही, कोंबडीवर करा. पाच जणांना: हाडासकट कोंबडी ७०० ग्रॅम ('तेबामोतो', म्हणजे पंखाचा जाड भाग, कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो), पाणी सव्वा लिटर, आलं बोटाच्या पेराएवढं, लसूण आठ पाकळ्या, मीठ. हळद नाही. मंद आचेवर ४० मिनिटं, वर येणारा फेस काढत राहायचा. त्यासाठीची बारीक जाळीची पळी त्यांच्याकडे असते.

वाटण: काजू १५, पांढरे तीळ एक मोठा चमचा, अर्धा तास गरम पाण्यात. तीळ घेताना जपून. तिथं भाजलेले तीळ ('इरिगोमा') जास्त दिसतात, ते घातले की रस्सा तपकिरी होतो आणि वासही वेगळा येतो. धुतलेले कच्चे 'आराइगोमा' हवेत. मिळाले नाहीत तर तीळ सोडा, काजू २५ करा. मिक्सर नसेल तर काजू त्याच पाण्यात १५ मिनिटं उकळून 'सुरिबाची'त (आतून रेघा असलेला खल) घोटले की गंधासारखे होतात.

फोडणी: दोन चमचे तेल, दालचिनी, चार लवंगा, चार वेलदोडे, सहा मिरे, तमालपत्र, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. लांबट हिरवी 'शिशितो' मिरचीसारखी दिसते पण तिखट नसते. तिखटपणा हवा तर पांढरी मिरपूड घाला, ती सगळीकडे मिळते. वाटण टाकून दोन मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही. गाळलेलं पाणी ओतून उकळी. मग आच कमी करून नारळाच्या दुधाचा ४०० मिलीचा डबा. यानंतर खळखळून उकळलं की फुटतो, नुसती वाफ येत राहायला हवी, पाच मिनिटं. लिंबू पातेल्यात पिळायचं नाही, ज्याला हवं त्यानं वाटीत. मीठ शेवटी पुन्हा बघा, नारळाच्या दुधानं ते कमी लागतं.

शिजलेले तुकडे कांदा-लसूण मसाल्यावर सुकं परता. त्यांच्यासाठी पाव चमचा मसाला, मग बाजूला काढून तिच्या वाट्याला हवा तेवढा. भात त्यांचाच चिकट, रस्सा सूपसारखा वाटीत.

शेगडी कुठली हे आधी विचारा. इंडक्शन असेल तर इथलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, कुकर चालणार नाही, गोल बुडाची कढईही नाही. आणि तेल क्षणात तापतं, गॅससारखी मोठी आच लावून मोहरी टाकली तर ती जळतेच. मध्यम आचेवर सुरू करा. वरचा पंखा ('कांकिसेन') फोडणीच्या आधी लावा, नंतर नाही, आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास चालू. वास पडद्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. घरात कपडे वाळत असतील तर आधी दुसऱ्या खोलीत न्या.

हळद-तिखटाला लाकडी वाट्या, पांढरे प्लास्टिकचे डबे आणि त्यांचे टॉवेल लावू नका, डाग निघत नाही. भाताच्या कुकरमध्ये मसालेभात तर मुळीच नको, झाकणाच्या रबरात वास राहतो आणि दुसऱ्या दिवशीचा पांढरा भात सगळ्या घराला मसाल्याचा लागतो. उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. पातेलं कागदानं पुसून मग धुवायचं. तळणाचं जास्त तेल असेल तर ते घट्ट करायची पूड मिळते, गरम तेलात टाकली की थंड झाल्यावर वडी होते, ती जळणाऱ्या कचऱ्यात.

---

उद्यमनगरकर

वरच्याला एक जोड. हा बेत पहिल्या महिन्यात नको. आधी तिनं यजमान आईच्या हाताखाली काम करावं: तांदूळ धुणं (तिथलं माप १८० मिलीचं, तीन-चार पाणी), मिसो शेवटी विरघळवणं, कारण उकळला की त्याचा वास जातो. कोणतं भांडं कशाला, ते त्यात कळतं. मग एखाद्या रविवारी परवानगी मागायची, सामान आपल्या पैशानं आणायचं, आणि ओटा होता त्यापेक्षा स्वच्छ करून द्यायचा. अशा कार्यक्रमांत, रोटरीत तर ठरवूनच, वर्षात घर बदलतं. पहिल्या घरानं काय सांगितलं ते दुसऱ्या घरापर्यंत पोचतं.

---

राजारामपुरी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढऱ्याची आजच घरी कोंबडीवर तालीम घेतोय, हळद न घालता. शेवटचं एक: रश्श्यासोबत भाकरी किंवा चपाती होईल का तिथल्या पिठाची?

---

तांबडा_पांढरा

चपाती होते. मैद्यासारखी दोन पिठं मिळतात: 'हाकुरिकिको' मऊ, त्याची चपाती तुटते. 'क्योरिकिको' चिवट, लाटताना आखडते. दोन्ही दीडदीडशे ग्रॅम, पाणी साधारण १७० मिली, चमचाभर तेल, अर्धा तास झाकून. मध्यम दहा होतात. कणीक मिळाली ('झेनर्युफुन') तर चिवट पीठ तेवढंच ठेवून मऊ पिठाच्या जागी ती घाला. इंडक्शनवर ज्वाला नाही, त्यामुळे फुलक्याच्या नादी लागू नका, घडीची करा. लाटणं इथून न्या, पोळपाट नको, ओटा चालतो.

ज्वारी मिळणार नाही, तांदळाची भाकरी करा. पीठ 'जोशिंको' घ्यायचं. दोनशे ग्रॅम पिठाला तेवढंच उकळतं पाणी, मीठ, उकड काढून दहा मिनिटं झाकायची आणि गरम असतानाच मळायची. शेजारीच तशाच पाकिटात 'मोचिको' आणि 'शिरातामाको' असतात. ती चिकट तांदळाची पिठं, त्यांची भाकरी हातालाच बसते, थापताच येत नाही. पाकिटावरचं नाव दुकानात दाखवून खात्री करून घ्यायला सांगा.